गाड्यापुढची घोडी

बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पहिल्यांदा गेलेला माणूस बैलांकडे बघत राहतो. मुरलेला शौकीन आधी घोडीकडे बघतो. जुन्नर, आंबेगाव आणि खेड या पट्ट्यात जी शर्यत चालते तिच्यात गाड्यावर माणूस नसतो. चार बैल जुंपलेला हलका गाडा, समोर चढ, आणि बैलांच्या पुढे सुटणारी एक घोडी. बैलांना पळवते ती घोडी. चाबूक धरून मागे बसणारा गाडीवान या पद्धतीत नाहीच.

घोडीवर जो बसतो त्याच्याकडे बारा-तेरा सेकंदांचं काम असतं, आणि त्यात चूक करायला जागा नसते. तळाला जुंपणी चाललेली असते, पाच-सहा जण बैलांना दाबून धरतात, भंडारा उधळला जातो, माईकवरच्या निवेदकाचा आवाज चढत जातो. घोडी तोवर जागेवर नाचत असते. ती बैलांच्या आधी सुटली पाहिजे, पण फार आधी नाही. अंतर वाढलं की बैल मन काढून घेतात, कमी झालं की शिंगं घोडीच्या पुठ्ठ्याला भिडतात. चारही बैलांची नजर तिच्यावर राहील असा तो टप्पा स्वाराने धावत्या घोडीवर मागे न बघता, कानांनी राखायचा असतो. निशाणापलीकडे गेल्यावर बैल लगेच थांबत नाहीत, म्हणून स्वाराला घोडी वेळेवर बाजूला काढावी लागते. पुकारा मात्र होतो गाडामालकाच्या नावाचा. ‘घाटाचा राजा’ ठरतो तो गाडा. घोडीस्वाराच्या वाट्याला येतं ते जाणकारांचं मान हलवणं.

या जागेवर पुरुष बसायचा. गावच्या यात्रेत बाई खंडोबाला जायची, भैरवनाथाला जायची, घाटाच्या कडेला मात्र क्वचितच दिसायची. शर्यतींवरची न्यायालयाची बंदी उठल्यानंतर, २०२२ मध्ये त्या पुन्हा भरायला लागल्या आणि या पट्ट्यात घोडीवर एक शाळकरी मुलगी दिसली. व्हिडिओ फिरले, बातम्या झाल्या. नाव इथे देत नाही. लहान मुलीचं नाव पुन्हा पुन्हा छापून कोणाचं भलं होत नाही. पण ‘पहिल्यांदाच’ हा जो शब्द त्या बातम्यांत होता, तो माझ्या डोक्यात राहिला. पहिल्यांदाच कशात? जुन्नरच्या मातीत घोड्याचा माग दोन हजार वर्षं मागे जातो, आणि त्यात बाई अगदी पहिल्या पावलालाच भेटते.

ती भेटते नाणेघाटात. कोकणातून वर येणाऱ्या या व्यापारी वाटेच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा लेख आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. लेखात यज्ञांची यादी आहे, त्यात अश्वमेध आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे. नागनिका घोड्यावर बसत होती की नाही, हे लेख सांगत नाही. घोडे तिच्या नावावर मोजले जात होते, एवढं मात्र नक्की सांगतो. जुन्नरच्या घोड्यांचा सर्वांत जुना हिशेब एका बाईच्या लेखात आहे. पुढच्या दीड हजार वर्षांत घोडा ज्याच्या त्याच्या हातात गेला, हिशेब बाईच्या हातात फारसा राहिला नाही.

त्या हजार-दीड हजार वर्षांनंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पंधराव्या शतकात, १४७० च्या आगेमागे, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. हिंदुस्थानात चांगला घोडा पैदा होत नाही, समुद्रापलीकडून आणला तर सोन्याचा भाव येतो, हे त्याने ऐकलेलं. चौलहून पाली, तिथून उंब्री, तिथून जुन्नर, असा तो आला. घोडा जुन्नरपर्यंत आणायला शंभर रुबल पडले असं त्याने लिहून ठेवलंय. पावसाळा लागला होता. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, अशी तक्रार त्याच्या लिखाणात आहे, आणि जुन्नरच्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. इथे घोड्यांना वाटाणे घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही तो नोंदवतो.

जुन्नरचा खान असदखान. निकितिन मुसलमान नाही, हे कळताच त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही तर घोडा माझा आणि दंडही तुझ्याकडूनच, असा सौदा. चार दिवसांची मुदत. निकितिनचं नशीब असं की मुदत संपायच्या आदल्या दिवशी खुरासानचा एक खोजा महंमद गावात आला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. शेवटी तो घोडा विकला गेला बीदरला. एका घोड्यापायी माणसाचा धर्म पणाला लागावा, इतकी त्या जनावराची किंमत होती. इतक्या किमतीचं जनावर घरातल्या पोरीच्या हाती कोण देणार? बाई घोड्यापासून लांब राहिली याचं कारण शोधायला मी शास्त्रापुराणांत जाणार नाही. घोडा महाग होता, आणि महाग वस्तूवर घरातला कर्ता पुरुष बसतो. आजही नवी गाडी आली की किल्ली कोणाच्या खिशात जाते, ते बघा.

जिथे घोडे घरचे होते, तिथे चित्र वेगळं होतं. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद आधी जुन्नरचाच सुभेदार, अहमदनगर त्याने नंतर वसवलं. त्याच घराण्यातली चांदबीबी. १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात तिने अहमदनगर लढवलं. दख्खनी चित्रकारांनी तिला पुढे पुन्हा पुन्हा रंगवलं ते घोड्यावर, हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली. ती गेली आणि निजामशाही सावरली एका हबशाने. मलिक अंबर इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि सरदार झाला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली होती. हबशी स्वार आणि मराठे बारगीर एकत्र घेऊन त्याने मोगलांना जेरीस आणलं. काळा माणूस घोड्यावर बसून हुकूम सोडतोय, हे दृश्य जुन्नरकरांना तेव्हा नवं नव्हतं. अमेरिकेतल्या काळ्या स्वारांची गोष्ट पुढे येईलच.

मग शिवनेरी. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. सत्तावीस वर्षांनी, १६५७ मध्ये, त्यांनी मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर लुटलं तेव्हा रात्री दोराच्या शिड्या लावून माणसं तटावरून आत उतरली. हाती लागले तीन लाख होन आणि दोनशे घोडे. होनांपेक्षा घोड्यांचा उपयोग जास्त झाला असणार, कारण स्वराज्याची पागा तेव्हा उभी राहत होती. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. आणि मोहिमेत बाई बरोबर न्यायची नाही, अशी सक्त ताकीद. म्हणजे मराठी घोडदळाच्या पहिल्या घडीत बाईला जागाच नव्हती. ती जागा तिने नंतर घेतली, बहुतेक वेळा घरातला पुरुष गेल्यावर. ताराबाईंनी १७०० नंतर सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांनी नवरा आणि मुलगा दोघेही गेल्यावर गुजरातेत फौज नेली. विधवा झाल्यावर रणात जायचं, आणि नवरा असताना पडद्यात राहायचं, असा काहीसा विचित्र हिशेब होता.

पण बसायला त्यांना येत होतं हे कशावरून? यावर एक नामी साक्ष आहे, आणि ती एका इंग्रज बाईची. फॅनी पार्क्स ही कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची बायको. १८३५ मध्ये फतेहगडला तिची गाठ बायजाबाई शिंदे यांच्याशी पडली. बायजाबाई कागलकर घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची विधवा. ग्वाल्हेर सुटलेलं, तरी छावणीचा थाट शाबूत. बायकांच्या गप्पा घोड्यांवर आल्या. बायजाबाईंनी तरुणपणी आपण फौजेबरोबर घोड्यावर असायचो, हे सांगितलं. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसतात, हे ऐकून मराठी बायकांना हसू आवरेना. फॅनीने आपलं खोगीर आणून तसं बसून दाखवलं. मग तिने मराठी पोशाख अंगावर चढवला, मराठी घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून मांड ठोकली, आणि ही बैठक आपल्या बैठकीपेक्षा फार सोपी आणि भक्कम आहे, असं मोकळेपणाने कबूल केलं. कासोट्याच्या नऊवारीत ते सहज जमतं. इंग्लंडच्या झग्यात जमत नव्हतं, म्हणून तिथे खोगीरच वाकडं करून ठेवलं होतं.

हे १८३५ चं. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८३० मध्ये, पुण्याच्या कॅम्पात लष्कराचं रेसकोर्स सुरू झालं. इथे माग दुभंगतो. रेसकोर्सवर घोडा थरोब्रेड, मालक साहेब नाहीतर संस्थानिक, जॉकी पुरुष. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात, आणि दोन्हीकडचा कारभार पुढे एकाच टर्फ क्लबकडे. त्या क्लबच्या दुनियेत मराठी माणूस शिरला तो तबेल्याच्या दाराने. मोतद्दार म्हणून, मग स्वार म्हणून. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावं रेसच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापली गेली. बायजाबाईंच्या लेकी-नातींना मात्र त्या दारातून वाट नव्हती. लायसन्स नावाचा कागद आला होता, आणि तो देणारे सगळे पुरुष होते.

दुसरा फाटा खेड्यात राहिला. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू, बुटकं, काटक, डोंगर चढणारं. मराठ्यांच्या फौजा या जनावरावर दूरवर गेल्या. फौजा संपल्यावर ते धनगरांच्या वाड्याबरोबर उरलं. पाठीवर भांडी, कोकरं, बिऱ्हाड. वाडा हलवताना ते बिऱ्हाड बांधणारी, लादणारी आणि उतरवणारी धनगरीण असते. तिला कोणी अश्वारोहक म्हटलेलं नाही. भीमथडी घोड्याला स्वतंत्र वाण म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती थेट २०२४ मध्ये.

बैलगाड्यापुढची घोडी या दुसऱ्या फाट्यातली. शर्यतीला चारशे वर्षं झाली असं व्यासपीठावरून हमखास सांगितलं जातं. आकडा गोल आहे एवढंच मी म्हणेन. पण थापलिंगच्या खंडोबापुढे, ओतूर-बेल्ह्याच्या बाजूला, लांडेवाडी-मंचरच्या माळावर बैल आणि घोडी ही जोडी शेतकऱ्याच्या दावणीला पिढ्यान् पिढ्या आहे, याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. असदखानाने हिसकावला तो दर्यापारचा घोडा होता. इथे आहे ती शेतावरची घोडी. लग्नसराईत वरातीला, यात्रेत घाटाला. तिला चारा घालणारी, पाणी दाखवणारी, खरारा करणारी घरातली पोरं, आणि त्यात पोरीही आल्याच. जनावराचा लळा लागायला लायसन्स लागत नाही.

मग बंदी आली. जुलै २०११ मध्ये केंद्राने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडाही थांबवला. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तो मुंबई उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. अंतरिम परवानगीनंतर लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला ठरलेला घाट कोरोनामुळे ऐनवेळी रद्द झाला. आलेले गाडे परतले. या सगळ्या काळात शर्यत म्हणजे शिरूर लोकसभा मतदारसंघाचं राजकारण झालं होतं. खासदार अमोल कोल्हे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी शिवाजीराव आढळराव पाटील यांच्यात घोडीवर बसण्याचं आव्हान-प्रतिआव्हान रंगलं. मूळचे नारायणगावचे असलेले कोल्हे फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात खरोखर गाड्यापुढे घोडीवर बसून धावले. खासदाराने घोडी धरली याचा गाजावाजा झाला. सत्ता दाखवायला घोडा लागतो, हे नागनिकेपासून फार बदललेलं नाही.

त्याच महिन्यांत ती मुलगी बसली. खासदार बसला तो शब्द दिला म्हणून. मुलगी बसली, कारण तिला येत होतं.

इथे मला शेरिल व्हाइट आठवते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातली. १५ जून १९७१ ला, सतरा वर्षांची असताना, थिसलडाउन रेसकोर्सवर ती ‘एस रिवॉर्ड’ नावाच्या घोड्यावर बसली आणि अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला जॉकी ठरली. त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागे राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियात ‘जेटोलारा’वर तिने पहिली शर्यत जिंकली. मधल्या काळात ‘जेट’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो झळकला होता.

तिच्याही बाबतीत ‘पहिली’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. अमेरिकी शर्यतीत काळे स्वार नवे नव्हतेच. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत पंधरापैकी तेरा जॉकी काळे होते, आणि जिंकला तोही काळाच, ऑलिव्हर लुइस. आयझॅक मर्फीने ती डर्बी तीनदा जिंकली. गुलामगिरीत गोऱ्या मालकांचे घोडे सांभाळणारे हात होते ते. पैसा आणि नाव वाढलं तशी त्यांना मैदानातून पद्धतशीर हुसकावण्यात आलं, आणि विसाव्या शतकात काळा जॉकी दिसेनासा झाला. बायकांची गोष्ट वेगळी, पण भिंत तीच. कॅथी कुस्नर १९६८ मध्ये कोर्टात गेली तेव्हा तिला लायसन्स मिळालं. फेब्रुवारी १९६९ मध्ये डायेन क्रंप फ्लोरिडात पहिल्यांदा शर्यतीत उतरली, तेव्हा जमावातून तिला नेताना पोलीस बरोबर होते. शेरिल आली ती या दोन्ही भिंतींना पडलेल्या भोकातून.

पण आत शिरायला तिला बळ कोणाचं होतं? बाप रेमंड व्हाइट, स्वतः घोड्यांचा ट्रेनर. आई घोडे बाळगणारी. लहानपणापासून तबेल्यात. म्हणजे परवानगी क्लबने दिली, पण घोडा घरचा होता. घाटातल्या मुलीलाही घोडी क्लबने दिलेली नाही. बापा-आजाच्या दावणीची होती. चांदबीबी, बायजाबाई, शेरिल आणि ही शाळकरी पोर, सगळ्यांत मला दिसणारा धागा हाच आहे. घराबाहेर घोडा ज्याच्या मालकीचा, तो बाईला कधी बसू देत नाही. घरचं जनावर असेल तर कोणीतरी कधीतरी लगाम हातात देतं. हे औदार्य आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा ती गरज असते, किंवा हौस, किंवा घरात त्या दिवशी दुसरा हलका स्वार नसणं. हलकं वजन ही घोडीस्वाराची पहिली लायकी, आणि तिथे मुली मुलांना सहज मागे टाकतात.

पुढे शेरिलने काय केलं, ते घाटातल्या आपल्या लोकांनी वाचण्यासारखं आहे. एक-दोन वर्षांचं कौतुक संपल्यावर ती कॅलिफोर्नियात गेली. थरोब्रेडबरोबर अ‍ॅपलुसा, क्वार्टर हॉर्स अशा कमी मानाच्या शर्यतीही धावली. १९८३ मध्ये फ्रेझ्नोच्या जत्रेत तिने एका दिवसात पाच शर्यती जिंकल्या. अ‍ॅपलुसा क्लबने तिला चारदा वर्षातली सर्वोत्तम जॉकी ठरवलं. कारकिर्दीत सुमारे साडेसातशे विजय. १९९२ मध्ये ती निवृत्त झाली आणि शर्यतींची अधिकारी म्हणून काम करत राहिली. २०१९ मध्ये गेली. तिचं नाव टिकलं ते एका व्हिडिओवर नव्हे. वीस वर्षं रोज सकाळी घोड्यावर बसायला जागा मिळाली, आणि प्रत्येक विजयाची कुठेतरी नोंद झाली, म्हणून ते टिकलं.

घाटात ती नोंदच नाही. गाडामालकाचं नाव पत्रिकेत, बैलाचं नाव फ्लेक्सवर, सेकंद फळ्यावर. घोडीस्वार कोण होता हे पुढच्या यात्रेपर्यंत लोक विसरतात. शर्यतीच्या नियमांचा सगळा भर बैलांवर आहे: पशुवैद्याचं प्रमाणपत्र, धावपट्टी हजार मीटरपेक्षा जास्त नको, काठी नको, चाबूक नको, शॉक नको. ते हवंच. पण चार बैलांच्या शिंगांपुढे हेल्मेटशिवाय धावणाऱ्या स्वाराचं वय काय असावं, पडला तर दवाखान्याचं बिल कोणी भरायचं, विमा कोणाच्या नावाने, हे आयोजकांनी आतापर्यंत मनावर घेतलेलं दिसत नाही. पुण्याचं रेसकोर्स मंचरपासून दोन तासांच्या आत आहे. शिकाऊ जॉकीला तिथे वजन, वय, तालीम या सगळ्याचे नियम आहेत. जनावर वेगळं असलं तरी धाव तीच.

लांडेवाडीत, निमगावात, थापलिंगला पुढच्या मोसमात पुन्हा ट्रॅक्टरची, बुलेटची बक्षिसं लागतील. पावती फाडताना बैलांच्या नावांखाली एक ओळ वाढवायला खर्च काहीच नाही: घोडी कोणाची, स्वार कोण, वय किती. अठराच्या आत असेल तर घाटात सोडायचं नाही, मुलगा असो की मुलगी. आणि अठरा पूर्ण झालेली मुलगी आली, तर तिचं नाव गाडामालकाच्या बरोबरीने माईकवर पुकारायचं.